अठरा सेकंदांची पकड

आमच्या पुसेगावात एकदा एक गृहस्थ नळजोडणीचा अर्ज घेऊन माझ्या दारात उभे राहिले. बैठकीच्या भिंतीवर माझं प्रमाणपत्र टांगलेलं आहे आणि त्यावर ठळक अक्षरांत 'सरपंच' असं लिहिलेलं आहे, ही बातमी त्यांच्यापर्यंत कुणीतरी पोचवली असणार. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की भाऊ, मी कबड्डीची सरपंच आहे. मैदानाच्या दोन बाजूंना दोन पंच असतात, त्यांच्या वरचा तो सरपंच. अर्जाची घडी घालत ते म्हणाले, "मंग तुमच्या हातात काहीच न्हाई म्हना की."

मी हसले. शाळेत तीस वर्षं खेळाची शिक्षिका आणि त्यातली सव्वीस वर्षं मुलींच्या कबड्डीची पंच, एवढी माझी कमाई. शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. शिट्टी मात्र त्याच्या चार वर्षं आधीच खाली ठेवली. लोकांना मी गुडघेदुखीचं कारण सांगत आले. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण शिट्टी खाली ठेवायचं कारण ते नव्हे.

कबड्डी कुणाला शिकवायला नको, तरी दोन गोष्टी सांगते. चढाईला जाणारी पोरगी 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या संघात शिरते. या म्हणण्याला आमच्याकडे दम म्हणतात. तो एका श्वासात आणि पंचाला ऐकू येईल असा चालला पाहिजे. तुटला की ती बाद. समोरच्या पोरींनी तिला पकडलं, तर ती मध्यरेषेकडे अंग टाकते. दम चालू असताना तिच्या बोटाचं टोक जरी रेषेला लागलं, तरी तिला पकडणाऱ्या सगळ्या बाद. भांडणं जी होतात ती या पकडीवरूनच होतात.

पकडीचे नियम वाचायला सोपे आहेत. हात धरा, पाय धरा, कंबर धरा. केस धरू नका, कपडे धरू नका, ढकलून मैदानाबाहेर काढू नका, तोंड दाबू नका. वाटेत आडवं उभं राहणं चालतं, छातीनं अडवणं चालतं. पण अडवता अडवता रेटलं, की ते ढकलणं झालं. नव्या पंचांना मी सांगायची, खांद्याकडं बघू नका, तळव्याकडं बघा. मिटलेला तळवा धरतो, उघडा तळवा ढकलतो. एवढं ओळखायला मला सात-आठ वर्षं लागली.

सेनगावच्या एका सामन्यात झटापट सुटल्यावर पकड करणारी पोरगी उठली, तर तिच्या मुठीत लाल रिबन. चढाईवालीची वेणी अर्धी सुटलेली. "मॅडम, मी धरलीच न्हाई, वेणीच हातात आली," पोरगी म्हणाली. मी चढाईवालीला नाबाद दिलं. झालं, त्या पोरीचे काका दोरी ओलांडून आत आले.

"हात धरलेला चालतो, पाय धरलेला चालतो, मंग केस काहून न्हाई? केस काय परक्याचे हायेत का?"

त्यांना झुपकेदार मिशा होत्या. मी म्हटलं, "काका, तुमच्या मिशीला धरून तुम्हाला रेषेपर्यंत नेऊ का? मग सांगा."

मैदान हसलं, काकाही हसले आणि दोरीबाहेर गेले. त्या दिवसापासून मी सामन्याआधी प्रत्येकीचे केस घट्ट बांधून घ्यायला लागले. नखं तर मी आधीपासूनच तपासायची. खिशात शिट्टी, नाणं आणि नेलकटर, या तीन वस्तूंशिवाय मैदानावर पाय ठेवला नाही.

एकदा एका संघाच्या सातही पोरींचे पाय उन्हात चकाकत होते. अंगाला तेल लावायला मनाई आहे, पकड निसटते म्हणून. मी पांढरा रुमाल काढून एकीच्या घोट्यावरून फिरवला. रुमालाला खोबरेलाचा वास. त्यांचे सर म्हणाले, "आमच्या गावच्या पोरींची कातडीच तशी हाय, मॅडम." मी सातही जणींना हापशावर नेलं, मातीनं पाय घासायला लावले, आणि सामना अर्धा तास उशिरा सुरू केला. सर मला अजूनही बाजारात भेटतात आणि पहिल्यांदा स्वतःच्या पायांकडं बघतात.

हे सगळं डोळ्यांचं काम. पण पोरींचा ढीग पडला, की डोळ्यांना काही दिसत नाही. चार-पाच जणी एकीवर पडलेल्या, हातापायांचा गुंता, धूळ. तिथं कान लागतो. मी गुडघ्यावर बसायची, एक हात जमिनीला टेकवायची आणि ढिगाच्या बुडाशी कान न्यायची. खाली दबलेल्या पोरीचा दम मोकळा येत नाही. छातीवर वजन असतं, त्यामुळं अक्षरं तुटतात, 'क' मागं राहतो, 'ड्डी' तेवढं बाहेर पडतं. ते ऐकून मी निर्णय द्यायची. सव्वीस वर्षांत माझ्या डोळ्यांविरुद्ध बऱ्याच तक्रारी झाल्या. कानाविरुद्ध एकही झाली नव्हती.

तो सामना जवळा बाजारला झाला. सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. मैदानाच्या पलीकडं कुठंतरी मळणीयंत्र चालू होतं आणि त्याचा बारीक भुस्सा हवेतून येऊन ओठांवर बसत होता. दुपारचे चार वाजले असतील, ऊन अजून कडकच होतं. शाळकरी मुलींच्या गटाचा अंतिम सामना. एक संघ निळ्या कपड्यांतला, दुसरा पिवळ्या. मी सरपंच होते, एक पंच आले नसल्यानं त्यांची बाजूही माझ्याकडंच होती, आणि समोरच्या बाजूला पंच म्हणून गायकवाड सर. ते औंढ्याकडचे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, कमी बोलणारे आणि निर्णयाचे पक्के. आम्ही पंधरा वर्षं एकत्र काम केलं होतं.

निळ्या संघाची कावेरी ही कुरुंद्याची पोरगी. सोळा वर्षांची, अंगानं बारीक, पण तिच्यासारखा दम मी जिल्ह्यात दुसरा ऐकला नव्हता. स्वच्छ, एका लयीत, जणू कुणी विहिरीवर दोर ओढत आहे. शेवटची चढाई तिचीच होती. निळा संघ तीन गुणांनी मागं होता, म्हणजे एकीला शिवून भागणार नव्हतं. तिला चौघींना बाद करून यायचं होतं.

ती आत गेली. पिवळ्या संघाच्या कोपऱ्यातल्या शीतलनं तिचा घोटा धरला. कावेरी मध्यरेषेकडं पडली आणि तिच्यावर आणखी तिघी पडल्या. चौघी. निळ्यांना हव्या होत्या तेवढ्याच. कावेरीचा एक हात ढिगातून बाहेर, रेषेपासून वीतभर अंतरावर.

मी गुडघ्यावर बसले, कान खाली नेला. दम ऐकू येत होता.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी. स्पष्ट, सगळी अक्षरं जागच्या जागी. मी डावा हात वर केला, म्हणजे खेळ चालू. लोक ओरडत होते, मळणीयंत्र घरघरत होतं, पण तो दम माझ्या कानाला लागूनच चालला होता. मला आठवतं, मी मनात म्हटलं, वा, काय पोरगी आहे. हेच मला नंतर सगळ्यात जास्त लागलं. चार पोरी अंगावर असताना असा मोकळा दम कुणाच्या छातीतून येत नाही, हे मीच इतरांना शिकवत आले होते. त्या क्षणी मला ते सुचलं नाही.

मग ढीग एका बाजूला घसरला आणि कावेरीचा हात रेषेवर पडला. मी शिट्टी वाजवली. चौघी बाद, चार गुण, निळा संघ एका गुणानं विजयी. निळ्या पोरी नाचत आत धावल्या.

पिवळ्या पोरी एकेक करून उठल्या. कावेरी उठली नाही.

मी तिचा तो हात उचलला, तर भिजलेल्या कापडासारखा लोंबला. तिला उताणं केलं. ओठ निळसर, डोळे अर्धे उघडे आणि तोंडात माती. दातांवर लागलेली नव्हे, भरलेली. मी बोट घालून ती काढली. आधी एक गोळा निघाला, मग आणखी. तिला कुशीवर वळवून पाठीवर थापटलं. ती खोकली, ओकली आणि तिनं श्वास घेतला. तो श्वास घेतानाचा आवाज मी इथं लिहू शकत नाही.

तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. जीप फाटकाबाहेर पडली, तेव्हा पिवळ्या संघाचे जाधव सर माझ्याजवळ आले. तरुण माणूस, पण आवाज चढवला नाही.

"मॅडम, तिच्या तोंडात माती होती ना?"

"होती."

"मंग दम कुठून येऊन राहिला होता?"

मी म्हटलं, "मी स्वतः ऐकला." मग गायकवाड सरांना हाक मारली. त्यांनी मान हलवली. "मी पलीकडून ऐकला. बराबर चालू होता. तिचाच आवाज."

सरपंचाचा निर्णय अंतिम असतो. कागदावर सह्या झाल्या.

कावेरी वाचली. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, ते दीड महिन्यात जुळलं. पण पकडीत कुणाचा तरी कोपर तिच्या गळ्यावर आडवा आला होता, त्यानं आत काहीतरी दुखावलं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाज येईल, पण पूर्वीचा येईलच असं नाही. दमाशिवाय चढाई नाही. तिचा खेळ संपला.

ती शुद्धीवर आल्याचं कळलं तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. घरी येऊन जेवलेही होते. पण त्या रात्रीपासून मला दम ऐकू येणं बंद होईना, असं काही लिहिलं तर ते खोटं होईल. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी नीट झोपत होते. भीती आली ती पंधरा दिवसांनी, भर दुपारी, शाळेच्या खेळसाहित्याच्या खोलीत.

जाधव सर तिथं आले. बरोबर शीतल होती, कोपऱ्यातली ती पोरगी. मला वाटलं, तक्रारीचा कागद आणला असेल. त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"एका पालकानं खालच्या अंगानं बसून व्हिडिओ काढलाय. त्यात तुमचा चेहरा दिसतो. मॅडम, आवाज बंद करून बघा."

मी लेझमांच्या पेटीवर बसले आणि बघितलं. ढीग, धूळ आणि ढिगाशी वाकलेली मी. एक हात जमिनीला, एक वर. आणि माझे ओठ हलत होते.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी. वाचता येत होतं. एकाच लयीत. डोळे उघडे आणि ढिगाकडं नव्हे, समोर कुठंतरी लागलेले. मी ते तीनदा बघितलं. चौथ्यांदा घड्याळ लावून बघितलं. अठरा सेकंद. त्या अठरा सेकंदांत माझी छाती एकदाही वर आली नव्हती.

मी कॉलेजात असताना चढाई करायची. पण त्याला तीस वर्षं होऊन गेली होती, आणि मला थोडा दम्याचा त्रास आहे. जिना चढले तरी मला थांबावं लागतं.

"मला आठवत नाही," मी म्हटलं. "खरंच आठवत नाही."

जाधव सर म्हणाले, "मी भांडायला आलो न्हाई. हिला काहीतरी सांगायचंय. घरी कोणाला सांगून नाही राहिली."

शीतल दारातच उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मॅडम, घोटा सुटला तेव्हा मी वर सरकले, माझा हात तिच्या गळ्याखाली होता. मला कळलं होतं. ती ढिली पडली तेही कळलं. मी सोडणारच होते."

"मग?"

"दम चालू होता ना." तिचा आवाज चिरकला. "माझ्या कानाशीच येऊन राहिला होता. मला वाटलं, दम चालू हाय म्हणजे ती बरी हाय. सोडलं तर ती रेषेला लागंल. म्हणून आणखी जोरात धरलं."

मला उठून तिच्याजवळ जायचं होतं. पण मी बसल्या जागेवरून म्हटलं, "तुझं चुकलं नाही, बाळ. दम ऐकू येत असेल तर धरायचंच असतं. चूक माझी आहे." ती रडायला लागली. जाधव सर तिला बाहेर घेऊन गेले. मोबाइल माझ्या हातातच राहिला होता, तो न्यायला ते परत आले.

मी गायकवाड सरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते मोटारसायकलवर आमच्या शाळेच्या मैदानावर आले. त्यांना मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही त्या दिवशी उभे होता तेवढ्या अंतरावर जा. मी दम म्हणते. ऐका आणि सांगा.

रिकामं मैदान होतं. मी गुडघ्यावर बसले, हात जमिनीला टेकवला आणि म्हणायला लागले. माझा आवाज जाडसर आहे, वर्षानुवर्षं ओरडून फाटलेला. सहाव्या-सातव्या सेकंदाला मला खोकला आला. पुन्हा केलं. पुन्हा खोकला.

गायकवाड सर चालत माझ्यापर्यंत आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हा न्हाई," ते म्हणाले.

"नीट ऐकलंत?"

"मॅडम, मी त्या दिवशी पोरीचा आवाज ऐकला. बारीक. हा तुमचा हाय. हा तो न्हाई." मग ते म्हणाले, "तुमी हे कोणाला सांगू नका. मीही सांगत न्हाई."

मी मात्र सांगायचं ठरवलं. स्पर्धा समितीला पत्र लिहिलं. नियम असा आहे, की पकडणाऱ्यांनी दम दाबला तर चढाईवाली नाबाद, पण मग ती रेषेला लागली म्हणून कुणी बादही होत नाही. म्हणजे कावेरी नाबाद आणि सामना पिवळ्या संघाचा. मी दोन ओळींत लिहिलं, की माझा निर्णय चुकला होता, दम खेळाडूचा नव्हता. उत्तर आलं, सरपंचाचा निर्णय अंतिम आहे, आता बदल होणार नाही. ज्या नियमाच्या आधारावर मी सव्वीस वर्षं उभी होते, तोच त्यांनी मला वाचून दाखवला.

मग मी कुरुंद्याला गेले. हळद काढणीचे दिवस होते. गावभर शिजलेल्या हळदीचा वास, अंगणाअंगणात पसरलेली हळद. कावेरीची आई हळद पसरत होती. हात कोपरापर्यंत पिवळे. तिनं मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा टाकला. कावेरी ओसरीवर बसली होती. गळ्याला रुमाल.

मी दोघींच्या समोर सगळं सांगितलं. काही मागं ठेवलं नाही. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी किती लांब होता तिच्यापासून?"

"हातभर."

"हातभर," ती म्हणाली. "मंग काहून न्हाई थांबवलं?"

"मला दम ऐकू येत होता."

"आन् माझ्या लेकराचं तोंड दिसत न्हवतं?"

मी म्हटलं, "नाही. मी बघितलं नाही."

ती उठली आणि हळदीकडं गेली. पाठमोरी बसून कामाला लागली. चहा चुलीवर उतू गेला, तो तिनं उतरवला नाही. मी निघायला उठले तेव्हा कावेरीनं माझ्या साडीचा काठ धरला. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला त्या दिवसानंतरचा. घासलेला, लाकडावरून कागद ओढल्यासारखा.

"मॅडम, मीबी ऐकला."

मी खाली बसले.

"पहिल्याच झटक्यात तोंड मातीत गेलं. दम गेला. मला वाटलं, आता शिट्टी वाजंल. मंग ऐकू आलं. माझाच आवाज होता. पण मी म्हणत न्हवते."

"तो मी म्हणत होते, कावेरी. व्हिडिओ आहे."

"तुमचा आवाज मला माहीत हाय. तो न्हवता." तिनं मान हलवली. "माझाच होता. मला इतकं बरं वाटलं मॅडम. म्हटलं, कोणीतरी माझा दम म्हणून राहिलंय. आता मी पडून राहिले तरी चालतंय."

ती हे हसत सांगत होती. तिची आई पाठमोरीच होती, पण तिचे हात थांबले होते.

परतीच्या वाटेवर वसमतला एसटी बदलेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, वाहकाला तिकीट मागतानाही गावाचं नाव कागदावर लिहून दाखवलं.

त्यानंतर मी एकाही सामन्यात पंच म्हणून उभी राहिले नाही. मला कारण विचारू नका. म्हणजे, ते ओठ माझे होते आणि आवाज माझा नव्हता, यातून मी काय समजायचं, हे मला कुणी सांगू शकलं नाही. एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, माणूस ज्या कामात वर्षानुवर्षं बुडालेला असतो, त्यात त्याचं अंग त्याला न विचारता हलतं. असेल.  गायकवाड सरांनीही पुढच्या वर्षी पंचाचं काम सोडलं. मला एवढंच कळतं, की मी कान दिला आणि डोळे दिले नाहीत. आधीच्या सव्वीस वर्षांत असं किती वेळा झालं असेल, याचा विचार मी करायला लागले की थांबवते. तेव्हा कुणी खालच्या अंगानं बसून व्हिडिओ काढत नव्हतं.

कावेरी वसमतच्या कॉलेजात गेली. तिनं पंचाची परीक्षा दिली आणि पास झाली. मला तिनं कळवलं नव्हतं, मी यादीत नाव वाचलं. शिट्टीला गळा लागत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं.

गेल्या मोसमात मी निवृत्त शिक्षिका म्हणून जवळा बाजारच्या त्याच मैदानावर सामने बघायला गेले. बोलावणं होतं, नाही म्हणता आलं नाही. लहान मुलींचा सामना होता आणि कावेरी सरपंच होती. पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले. गळ्याला रुमाल नव्हता. झटापटीत तिघी एकीवर पडल्या, धूळ उडाली. कावेरी धावत गेली, पण कान खाली नेला नाही. ती ढिगाभोवती फिरली, वाकून एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं आणि लगेच शिट्टी वाजवली. तीन सेकंदही झाले नसतील.

चढाईवालीच्या संघाचे सर उसळून उठले. "दम चालू होता ना! आमाला इथपर्यंत ऐकू येऊन राहिला होता!"

कावेरीनं तिघींना हातानं बाजूला केलं, खालच्या पोरीला बसवलं, तिच्या चेहऱ्यावरची माती पुसली. मग त्या घासलेल्या आवाजात, शांतपणे म्हणाली, "असेल, सर. मला तिचं तोंड दिसत न्हवतं."

सर काहीतरी बडबडत खाली बसले. माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, "काहून हो मॅडम, बरं वाटून न्हाई राहिलं का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. शिट्टी वाजायच्या आधीपासूनच मी पदराचा बोळा दातांत घट्ट धरून बसले होते. सामना संपून सगळी पोरं घरी जाईपर्यंत मी तो काढला नाही.